संत फ्रान्सिस झेवियर : घंटा वाजवून मुले गोळा करणारे गुरुजी

येत्या ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करणार आहोत. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे दर वर्षी या सुमारास गोव्याची वाट धरतात. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात रांगेत उभे राहून आपण चांदीच्या पेटीकडे मान उंच करून पाहतो, मेणबत्ती लावतो, नवस फेडतो आणि रात्रीच्या गाडीने पनवेलला परत येतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जेव्हा संतांचे पार्थिव दर्शनासाठी खाली आणले होते, तेव्हाही आपल्यातील अनेक जण तिथे जाऊन आले.

मात्र ज्या देहाचे आपण दर्शन घेतो, त्या माणसाने हयातीत दिवसभर काय केले, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण थोडे अडखळतो. ते मोठे मिशनरी होते, त्यांनी हजारो लोकांना स्नानसंस्कार दिला, ते जपानला गेले, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या हातात एक साधी घंटा असे आणि ती वाजवत ते गल्लीबोळांतून मुले गोळा करत, ही गोष्ट मात्र आपण चटकन विसरतो. आज आपण त्या घंटेविषयी बोलणार आहोत. आपल्या कॅथलिक शाळांची गोष्ट आपल्या या भागात पुष्कळ अंशी त्या घंटेपासून सुरू होते.

किल्ल्यातला धाकटा मुलगा

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नावार या छोट्या राज्यात, झेवियरच्या किल्ल्यात झाला. घरची भाषा बास्क. वडील राजाच्या दरबारी मोठ्या पदावर. भावंडांत फ्रान्सिस सर्वांत धाकटे. लहानपणी सुख होते, पण ते टिकले नाही. १५१२ मध्ये नावार कास्तिलच्या ताब्यात गेले, १५१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या किल्ल्याची तटबंदी व बुरूज पाडून टाकण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाने आपले घर डोळ्यांदेखत पडताना पाहिले.

घराण्याचे गेलेले नाव परत मिळवायचे तर शिक्षण हाच मार्ग होता. १५२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सिस पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाले. शिकून मोठे व्हायचे, चांगले पद मिळवायचे आणि घराला वर आणायचे, असा त्यांचा हिशोब होता. आपल्यातील कित्येक आईवडील मुलांच्या बाबतीत आजही हाच हिशोब मांडतात आणि त्यात वाईट असे काही नाही. फ्रान्सिस हुशार होते, उंच उडी मारण्यात पटाईत होते. १५३० मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि ते स्वतः एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागले.

पॅरिसमध्ये त्यांच्या खोलीत पीटर फेबर नावाचा शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. १५२९ मध्ये तिथे तिसरा सोबती आला. तो वयाने बराच मोठा होता आणि एका पायाने लंगडत असे. ते होते इग्नेशियस लोयोला. या इग्नेशियस यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनची मुळाक्षरे गिरवली होती. फ्रान्सिसना या माणसाचे सुरुवातीला हसू येई. पण इग्नेशियस यांनी हळूहळू त्यांच्या मनात एक प्रश्न पेरला. एवढे सगळे मिळवून शेवटी हाती काय उरणार, हा येशूनेच विचारलेला प्रश्न. फ्रान्सिस पुष्कळ दिवस टाळत राहिले, पण अखेर नमले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या देवळात सात मित्रांनी गरिबीचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. येशूसंघाचे बीज तिथे पेरले गेले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी संघाला मान्यता दिली. तेव्हा संघाच्या नियमात इतर कामांबरोबर मुलांना आणि अशिक्षितांना धर्मशिक्षण देणे हे काम मुद्दाम लिहिण्यात आले. विद्यापीठात शिकलेल्या या माणसांना मुलांना शिकवणे कमीपणाचे वाटू नये, अशी त्यांच्या नियमातच तरतूद झाली.

आयत्या वेळी आलेली हाक

हिंदुस्थानात येण्यासाठी फ्रान्सिस यांची निवड झालीच नव्हती. पोर्तुगालच्या राजाने मिशनरी मागितले होते आणि दुसऱ्या एका सोबत्याचे नाव ठरले होते. तो आयत्या वेळी आजारी पडला. तेव्हा इग्नेशियस यांनी फ्रान्सिसना विचारले आणि ते एका दिवसाच्या तयारीने निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांचे जहाज लिस्बनहून सुटले. वाटेत मोझांबिकला अनेक महिने मुक्काम पडला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले.

ते पोपचे प्रतिनिधी म्हणून आले होते, तशी पत्रे त्यांच्यापाशी होती. त्यांना मानाने राहता आले असते. पण गोव्याच्या बिशपांना भेटून, पत्रे त्यांच्या पुढे ठेवून, ते इस्पितळात राहायला गेले. सकाळी रुग्णांची सेवा, मग तुरुंगातल्या कैद्यांना भेट. दुपार झाली की हातात घंटा घेऊन ते रस्त्यावर येत.

त्या वेळचे गोवे मोठे श्रीमंत बंदर होते. घोडे, मसाले, रेशीम आणि माणसे यांचा बाजार तिथे भरत असे. घराघरांत गुलाम होते. पोर्तुगीज बापांची आणि देशी आयांची मुले रस्त्यांवर वाढत होती. त्यांना कुणी शिकवत नव्हते. पॅरिसचा हा पदवीधर घंटा वाजवत जाई आणि लोकांना विनवी की मुलांना, घरच्या नोकरांना, गुलामांना देवळात पाठवा. रोझरी मातेच्या देवळात मुलांची गर्दी होत असे. मालक आणि गुलाम यांची मुले तिथे एकाच फरशीवर बसत.

शिकवण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. ते प्रार्थना चालीवर म्हणायला लावत. एक ओळ ते म्हणत, मुले ती परत म्हणत. चालीत बसलेली गोष्ट मुलाच्या तोंडात राहते आणि तोंडात राहिलेली घरी जाते. मुले ती गाणी रस्त्यात गात, पाण्यावर जाताना गात. बोलताना ते जडजंबाल पोर्तुगीज टाळत आणि नोकरचाकरांना, मुलांना कळेल अशी साधी मोडकीतोडकी भाषा वापरत. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मुलांसाठी आपली भाषा खाली आणली.

मुलेच झाली शिक्षक

१५४२ च्या पावसाळ्यानंतर ते दक्षिणेला तामिळ किनाऱ्यावर गेले. तिथे मोती काढणारे आणि मासेमारी करणारे परवर लोक राहत. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्नानसंस्कार घेतला होता, पण त्यानंतर त्यांच्याकडे कुणी फिरकले नव्हते. आपण ख्रिस्ती आहोत, एवढेच त्यांना सांगता येई.

फ्रान्सिस यांना तामिळ येत नव्हते. त्यांनी तुतुकुडीला दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे जमवली आणि कित्येक महिने बसून क्रुसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि पापांगीकार तामिळमध्ये उतरवून घेतले. मग तो सगळा मजकूर त्यांनी पाठ केला. एखाद्या मुलाने पाढे पाठ करावेत तसा. आणि पुन्हा घंटा हाती घेऊन ते गावोगाव फिरू लागले. दिवसातून दोनदा मुले जमत. एका गावात महिनाभर शिकवून झाले की लिहिता येणाऱ्यांकडून प्रार्थनांची प्रत करून घ्यायची, ती गावात ठेवायची आणि पुढच्या गावाला जायचे.

एवढ्या गावांना एक माणूस कसा पुरणार? त्यांनी दोन उपाय केले. पहिला उपाय म्हणजे मुले. शिकलेल्या मुलाने घरी जाऊन आईवडिलांना, शेजाऱ्यांना शिकवायचे. कुणी आजारी असेल आणि फादरांना जाता येत नसेल तर मुलांनीच त्या घरी जायचे, घरच्यांना गोळा करायचे आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना म्हणायची. दुसरा उपाय म्हणजे गावातच एक शिक्षक नेमणे. त्याला पगार हवा. त्या किनाऱ्यावरच्या वसुलीतील ४,००० पणम पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी राखून ठेवलेले असत. फ्रान्सिस यांनी ते पैसे शिक्षकांच्या पगारासाठी मिळवले. राणीच्या जोड्यांच्या पैशांतून कोळ्यांच्या मुलांची शाळा चालली!

हे शिक्षक आणि ही मुले यांच्याविषयी ते आपल्या सोबत्याला, मानसिल्यास यांना, वारंवार पत्रे लिहीत. लोकांशी प्रेमाने वागा, त्यांच्या चुका सहन करा, मुलांच्या शिकवणीत खंड पडू देऊ नका, असा त्या पत्रांचा सूर असे. १५४४ मध्ये उत्तरेकडून आलेल्या स्वारांनी कन्याकुमारीजवळची गावे लुटली आणि लोक खडकांच्या आडोशाला जाऊन लपले, तेव्हा अन्नपाणी घेऊन होड्या नेण्यासाठी फ्रान्सिस स्वतः समुद्रात उतरले. पोर्तुगीज अधिकारी याच गरीब लोकांना छळत, लुबाडत. त्याबद्दल त्यांनी थेट राजाला कडक पत्र लिहिले. मुलाला प्रार्थना शिकवायची आणि त्याच्या बापावरच्या अन्यायाबद्दल गप्प बसायचे, हे त्यांना जमले नाही.

शाळा कुणाची?

आता आपण त्या प्रसंगाकडे येऊ, जो शाळांच्या बाबतीत आपल्याला सर्वांत अधिक विचार करायला लावतो.

फ्रान्सिस गोव्याला यायच्या आदल्या वर्षी, १५४१ मध्ये, तिथल्या दोन धर्मगुरूंनी एक संस्था सुरू केली होती. मिगेल वाझ आणि दियोगो द बोर्बा ही त्यांची नावे. ही संस्था पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा हेतू स्पष्ट होता. हिंदुस्थानातील आणि आसपासच्या देशांतील मुलांना तिथे ठेवून शिकवायचे आणि त्यांच्यातूनच त्यांच्या लोकांसाठी धर्मगुरू व शिक्षक तयार करायचे. फ्रान्सिस यांना ही कल्पना फार आवडली. येशूसंघाने कॉलेजची जबाबदारी घेतली.

१५४८ मध्ये पोर्तुगालहून आंतोनियो गोमिश हे फादर रेक्टर म्हणून आले. विद्वान, घरंदाज, उत्तम वक्ते. त्यांच्या प्रवचनांना गोवे लोटत असे. एप्रिल १५४९ मध्ये फ्रान्सिस जपानकडे निघाले. त्यांची पाठ फिरली आणि नव्या रेक्टरांनी कॉलेजला पोर्तुगालच्या नामांकित कॉलेजांच्या तोडीचे करायचे ठरवले. दर्जा वाढवायचा म्हणजे काय करायचे? त्यांनी देशी मुलांना बाहेर काढले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज तरुण घेतले. कॉलेजचे नाव झाले असेल, शिस्तही आली असेल. पण ज्यांच्यासाठी ते उघडले होते, ती मुले दाराबाहेर गेली.

१५५२ च्या सुरुवातीला फ्रान्सिस गोव्याला परतले. त्यांच्यापाशी वेळ थोडा होता, चीनला जायची घाई होती. तरीही त्यांनी हे प्रकरण सर्वांत आधी हाती घेतले. गोमिश यांच्या बाजूने गोव्यातील बडी मंडळी होती. फ्रान्सिस बधले नाहीत. त्यांनी गोमिश यांना पदावरून दूर करून दीवला धाडले आणि गास्पार बार्झेउस या आपल्या विश्वासू सोबत्याकडे कॉलेज सोपवले. देशी मुलांसाठी कॉलेजचे दार पुन्हा उघडले. एरवी प्रेमळ, हसतमुख असलेला हा माणूस या बाबतीत कठोर झाला. आपल्याला वाटते, त्यांच्या सबंध आयुष्यात शाळेविषयीचा सर्वांत मोठा धडा हाच आहे. शाळा नावाजलेली झाली, पण जिच्यासाठी काढली ती मुले तिच्यात राहिली नाहीत, तर ती शाळा आपली वाट चुकली.

चुकांची पाटीही पुसायची नाही

संतांचे चरित्र सांगताना केवळ गोड तेवढेच सांगणे बरोबर नाही. आपली मुले आज शाळेत इतिहास शिकतात आणि प्रश्न विचारतात. त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे.

सेंट पॉल कॉलेजच्या खर्चासाठी तिसवाडीतील पाडलेल्या हिंदू देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावण्यात आले होते. मुलांनी मूर्ती फोडल्या याचा आनंद फ्रान्सिस यांनी आपल्या पत्रांत व्यक्त केला आहे. १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, असावे अशी मागणी केली. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, सुरू झाले आणि त्याने अनेकांना फार दुःख दिले. ते त्या काळाचे पुत्र होते, हे खरे. पण तेवढ्याने त्या दुःखाचा भार हलका होत नाही. शेजाऱ्याच्या देवघराचा मान राखणे हे आज आपण आपल्या मुलांना शिकवतो आणि ते तसेच शिकवले पाहिजे. ख्रिस्तसभेनेही हे स्पष्ट सांगितले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे प्रसिद्ध केली. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी आणि दुसरे इतर धर्मांशी आदराने वागण्याविषयी. ही दोन्ही एकाच दिवशी निघाली हे आपल्या शाळांनी विसरू नये. आज आपल्या कॅथलिक शाळांच्या वर्गांत बहुसंख्य मुले इतर धर्मांची असतात आणि या दोन घोषणापत्रांची खरी परीक्षा त्याच वर्गांत होते.

फ्रान्सिस यांच्याकडे चूक कळल्यावर ती सुधारण्याची ताकदही होती. जपानमध्ये देवासाठी कोणता शब्द वापरावा हे त्यांना कळेना. सोबतच्या जपानी मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी दाइनिची हा शब्द वापरला. पुढे कळले की ते बौद्धांच्या एका पंथातील उपास्याचे नाव आहे आणि लोक भलताच अर्थ घेत आहेत. तेव्हा त्यांनी तो शब्द चारचौघांत मागे घेतला. फळ्यावर चुकलेले स्वतःच्या हाताने पुसणारा शिक्षक मुलांच्या कायम लक्षात राहतो.

वसईचा विद्यार्थी

फ्रान्सिस आपल्या भागातही येऊन गेले आहेत. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे आली होती. राज्यपालांना भेटण्यासाठी आणि मिशनच्या कामासाठी ते वसईला एकाहून अधिक वेळा आले. त्यांच्या हयातीतच तिथे येशूसंघाचे काम सुरू झाले आणि पुढे कॉलेज उभे राहिले. वसईच्या किल्ल्यात त्याचे अवशेष आजही उभे आहेत.

वसईत येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी हा मुलगा जन्मला. वसईत शिकून तो येशूसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण दिले. त्या वेळी तो फ्रान्सिस्कन संघात होता. १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. ज्या जपानमध्ये फ्रान्सिस भाषेसाठी धडपडले, त्याच जपानमध्ये आपल्या वसईचा विद्यार्थी सहज बोलत होता. शाळेत पेरलेले कुठे उगवेल, हे पेरणाऱ्याला दिसत नाही.

फ्रान्सिस यांनाही ते दिसले नाही. एप्रिल १५५२ मध्ये गोवे सोडून ते चीनकडे निघाले. चीनचे दार बंद होते. किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर, एका झोपडीत, तापाने फणफणत ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे त्यांनी देह ठेवला. वय अवघे शेहेचाळीस. जवळ एक-दोन माणसे. मार्च १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्याला आला. १२ मार्च १६२२ रोजी, आपल्या जुन्या खोलीतल्या सोबत्याबरोबर, म्हणजे इग्नेशियस यांच्याबरोबर, ते संत म्हणून जाहीर झाले.

घंटेनंतर

त्यांनी पेरलेले पुढे वाढत गेले. १५५६ मध्ये गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना सुरू झाला, आपल्या देशातला पहिला. पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्सिस यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. १६१६ मध्ये राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले आणि आपल्या पूर्वजांना आपल्याच भाषेत, ओवीत, तारणाची कथा गायला मिळाली. फ्रान्सिस यांनी मुलांना चालीवर शिकवले होते, तीच रीत मराठीत अशी फुलली.

मग पडझडही झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात कोकणी मोडून काढण्याचा हुकूम काढला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. १७५९ मध्ये पोर्तुगीज राजाने येशूसंघाला आपल्या मुलखातून हाकलले. संघाची कॉलेजे बंद पडली. पुन्हा सुरुवात व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईचे कॅपुचिन बिशप अनास्तासियुस हार्टमान यांनी येशूसंघीयांना मुंबईला बोलावले. १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले आणि नंतरच्या काळात कितीतरी देवळांच्या आवारात शाळेची घंटा वाजू लागली.

आपल्या नवी मुंबईत ती घंटा सर्वांत उशिरा आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाले, खाडीच्या या बाजूला नोडमागून नोड वसत गेले. वसईहून, गोव्याहून, अहमदनगर आणि जालन्याकडून, मंगळूर आणि केरळहून आपली माणसे इथे राहायला आली. जिथे देऊळ आले तिथे शाळाही आली किंवा शाळेच्या हॉलमध्ये आधी मिस्सा सुरू झाली आणि देऊळ मागून आले. आपल्यातील ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील.

आपल्यापुढचा प्रश्न

आज कॅथलिक शाळेचे नाव मोठे आहे. अॅडमिशनच्या दिवसांत पालक पहाटेपासून रांग लावतात. कॉन्व्हेंटमध्ये नंबर लागला की घरी पेढे वाटले जातात. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. अनेक सिस्टर्सनी आणि शिक्षकांनी आपले आयुष्य झिजवून ते नाव मिळवले आहे.

पण गोव्याच्या त्या कॉलेजचेही नाव मोठे झाले होते. म्हणून आपण स्वतःला विचारू या. आपल्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी कोणत्या शाळेत जाते? नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराचा मुलगा शाळेत जातो तरी का? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने खासगी शाळांना पहिल्या वर्गात २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी ठेवायला सांगितले आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन तो मोठ्या खंडपीठापुढे जावा, असे सुचवले. आपल्या संस्था आपल्या हाती राहाव्यात, या हक्काला मोल आहे. तो हक्क संविधानाने दिला आहे आणि तो जपला पाहिजे. पण कायदा सक्ती करत नाही, म्हणून विवेकही सूट देतो का? संत फ्रान्सिस यांना कोणत्या कायद्याने देशी मुलांना परत घ्यायला लावले होते?

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले इंग्रजी शाळेत शिकतात, ते काळाला धरून आहे. पण घरात आजी मराठीत रोझरी म्हणते आणि नातवंडांना नमो मरिया मराठीत येत नाही, असे चित्र आता वरचेवर दिसते. एक बास्क माणूस तामिळ मुलांसाठी तामिळ प्रार्थना पाठ करतो आणि आपण आपल्याच मुलांना आपल्या भाषेतली प्रार्थना देऊ शकत नाही, हे मनाला लागते. यासाठी शाळेकडे बोट दाखवून उपयोग नाही. हे घरचे काम आहे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पुरतात. आजीने एक ओळ म्हणायची, नातवाने ती परत म्हणायची. फ्रान्सिस यांची रीत हीच होती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवणारे लोक कमी पडतात. आपण बँकेत आहोत, कंपनीत आहोत, डॉक्टर आहोत, निवृत्त आहोत. मुलांना शिकवणे हे तरुण मुलींचे किंवा सिस्टर्सचे काम आहे, असे आपल्याला वाटते. पोपचे प्रतिनिधी असलेल्या, पॅरिसला शिकवून आलेल्या माणसाला ते आपले काम वाटले. त्यांनी बार्झेउस यांना दिलेल्या सूचनांतही मुलांना शिकवणे दुसऱ्यावर न सोपवता स्वतः करावे, असा आग्रह होता. आपल्यापैकी कुणाला रविवारी एक तास देता येईल का? विचार करून फादरांना किंवा सिस्टरांना भेटावे.

३ डिसेंबरच्या मिस्सेला आपण सारे येऊच. त्या दिवशी देवळाची घंटा वाजेल तेव्हा चांदीच्या पेटीतील संतांबरोबर आणखी एका दृश्याची आठवण ठेवू या. दुपारची वेळ आहे, गोव्याचे ऊन आहे, एक सडपातळ, थकलेला माणूस गल्लीतून चालला आहे आणि त्याच्या हातातील घंटेच्या आवाजामागे मालकांची आणि गुलामांची मुले एकत्र धावत येत आहेत. त्या मुलांपैकी एकही मूल आपल्या दारावरून परत जाऊ नये, एवढे मागणे आपण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने प्रभूपाशी मागू या.